खेमसिंगभाऊंचे दर्यावर्दी

उमरखेडच्या पोस्टात मी काउंटरवर बसायला लागले त्या पहिल्याच आठवड्यात पोस्टमास्तरांनी मला बजावलं, "बाजाराच्या दिवशी दुपारी पांढऱ्या फेट्याचा एक उंच माणूस येईल. मागेल ते द्या, पण चुकूनही 'बसा' म्हणू नका." मी 'बसा' म्हटलं नाही. तो आपणहोऊन बाकावर बसला, पिशवीतून बाटली काढून दोन घोट पाणी प्याला आणि म्हणाला, "मॅडम, नवीन कोनी आला का?"

"कोण?"

"दर्यावर्दी."

हे खेमसिंग आडे. राहणार पूनमसिंग नाईक तांडा, उमरखेडपासून जीपनं अर्धा तास आणि जीप नसेल तर देवाच्या मर्जीवर. शेती कोरडवाहू, कापूस आणि तूर. घरात बायको लालीबाई आणि पुसदला कॉलेजात शिकणारी मुलगी बबिता. या माणसाला हवी होती टपालाची तिकिटं. फुलांची नकोत, पक्ष्यांची नकोत, पुढाऱ्यांची तर नकोतच. ज्यावर नकाशा असेल, किंवा पूर्वी कधी कुठल्या अनोळखी मुलखात जाऊन आलेला एखादा खलाशी, वाटसरू, मोजणीवाला असेल, तेवढीच. उमरखेडपासून समुद्र किती लांब आहे हे मी सांगायला नको. पैनगंगेला पूर आला की आमची तेवढ्यावर हौस भागते.

मी स्वभावानं तापट आहे. साधना पाईकराव काउंटरवर असली की लोक सुटे पैसे घरूनच मोजून आणतात, अशी माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. पण खेमसिंगभाऊंवर ओरडून काही उपयोग नव्हता. ओरडलं की ते मान डोलवायचे, "बराबर हाय तुमचं," म्हणायचे आणि तिथंच बसून राहायचे. शेवटी मी कंटाळून यवतमाळच्या मुख्य पोस्टातून नव्या तिकिटांची चौकशी करायला लागले. एखादं कामाचं निघालं की बाजारापर्यंत खणात जपून ठेवायचे. मी स्वतः काही तिकिटं जमवणारी नव्हे. माझ्याकडे फक्त बाबासाहेबांची आहेत, सगळी, आणि त्याला मी संग्रह म्हणत नाही.

हा नाद त्यांना कुठून लागला, ते त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. तरुणपणी कापसाच्या हंगामात ते इथल्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. मालकाला इंग्लंडहून यंत्राच्या सुट्या भागांबद्दल एक पाकीट आलं. मुनीमजींनी कागद काढून घेतला आणि पाकीट फेकलं. त्यावर शिडाच्या जहाजाचं तिकीट होतं. खेमसिंगभाऊंनी ते उचललं, पाण्यात भिजवून सोडवलं आणि मुनीमजींना विचारलं की हा कोण. मुनीमजी म्हणाले, हा कप्तान कुक, यानं मोठमोठे मुलूख शोधले. "तिथं लोक राहात नव्हते का?" खेमसिंगभाऊंनी विचारलं. मुनीमजी म्हणाले, राहत होते की. "मंग यानं शोधलं काय?" या प्रश्नावर मुनीमजींनी त्यांना रुई दाबायला परत पाठवलं. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि तिकीट पेटीत.

पुढे पेटी भरत गेली. व्यापाऱ्यांची पाकिटं, नांदेडच्या एका जमवणाऱ्याशी अदलाबदल, आणि मग मी. वास्को द गामा आला, कोलंबस आला, मॅगेलन आला. सत्तावन्न सालच्या नव्या पैशातल्या तिकिटावरचा भारताचा नकाशा आला. तो तर त्यांच्याकडे सगळ्या रंगांत होता, आणि प्रत्येकात ते नखानं दाखवायचे, "हे पाहा यवतमाळ." नकाशा बोटाच्या पेराएवढा. यवतमाळ कशाला, त्यात आख्खं वऱ्हाड मला कधी दिसलं नाही.

आता हे नुसतं जमवणं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. खेमसिंगभाऊ या सगळ्या थोर माणसांची परीक्षा घ्यायचे आणि बहुतेकांना नापास करायचे. त्यांचे पणजोबा लदेणीवर जायचे. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून बंजाऱ्यांचा आख्खा तांडा या मुलखातून त्या मुलखात न्यायचा. आगगाडी आली, धंदा बसला आणि तांडेही जिथल्या तिथं बसले, शेती करायला लागले. पण नाईक, म्हणजे तांड्याचा म्होरक्या, कसा असावा याचं माप खेमसिंगभाऊंच्या घरात तसंच राहिलं होतं. माणसं किती नेली, पाणी कुठं दाखवलं, आणि वापस किती आणली, बस. या मापानं मॅगेलन साफ नापास. "सोताच वाटेत मेला. असा नाईक आमच्या तांड्यानं एक मुक्काम ठेवला नसता." गामा काठावर पास, कारण त्यानं निदान आफ्रिकेतून एक वाटाड्या सोबत घेतला. "पन त्या वाटाड्याचं टिकीट कुठी हाय? वाट त्यानं दाखवली आन् टिकिटावर हा दाढीवाला." आणि कोलंबसाचं नाव काढलं की त्यांचा पारा चढे. "गाव चुकलं तं चुकलं. मानूस हाय, चुकते. पन उतरल्यावर कोनाले इचाराचं ना बाप्पा, हे कोनतं गाव म्हून!"

दोन हजार चार साली नैनसिंगांचं तिकीट निघालं. हिमालयापलीकडे तिबेटात वेष पालटून गेलेला, पावलांनी जमीन मोजत नकाशा करणारा माणूस. खेमसिंगभाऊंनी ते तिकीट पाहिलं, नाव वाचून घेतलं आणि बाकावरून उठून उभे राहिले. "नैनसिंग! हा आपल्यातला!"

मी म्हटलं, "अहो, ते कुमाऊंकडचे, पहाडातले."

"तिकडं बी तांडे असतीनच. नाव पाहा ना. खेमसिंग, पूनमसिंग, नैनसिंग." त्या दिवशी त्यांनी पोस्टात सगळ्यांना चहा पाजला आणि तांड्यावर जाऊन सांगितलं, की आपल्या माणसाचं तिकीट निघालं. मी पुढं दोनतीनदा सांगून पाहिलं. "बराबर हाय तुमचं," म्हणाले.

ती कापसाची वाईट वर्षं. पाकिटातलं बियाणं दरवर्षी नवं, भाव दरवर्षी जुना. पाऊस कधी आलाच नाही, कधी बोंड फुटल्यावर आला. आमच्या जिल्ह्याचं नाव दिल्लीपर्यंत पोचलं आणि मग पाहायला माणसं यायला लागली. वर्तमानपत्रवाले, अभ्यास करणारे, समित्या, आयोग, गळ्यात कॅमेरे घातलेले, परदेशातलेसुद्धा. त्यांच्या हातात नकाशे असायचे आणि तरी ते आमच्या पोस्टात येऊन तांड्याची वाट विचारायचे. मी त्यांना खेमसिंगभाऊंकडे पाठवायची. एक तर त्यांना सगळ्या वाटा ठाऊक, दुसरं म्हणजे तेवढा वेळ ते माझ्या बाकावर नसत.

खेमसिंगभाऊ त्यांना तांडे दाखवायचे, कापसाची पऱ्हाटी दाखवायचे, विचारलेल्याची उत्तरं द्यायचे. भाव किती, पीक किती, घरात खाणारे किती. सगळं विचारून झालं, गाडीचं दार लागायला आलं की हे काचेत वाकून विचारायचे, "तुमच्या देशात पत्रं धाडतेत का अजून?" समोरचा गोंधळायचा. एवढ्या दुःखाच्या मुलखात आलेला माणूस, त्याला या प्रश्नाची तयारी नसे. बहुतेक जण हो म्हणून जात आणि विसरत. पण एका संशोधक पोरीनं खरंच मोठं पाकीट पाठवलं, बाहेर जहाजांची तिकिटं आणि आतही मूठभर. ते पाकीट मीच त्यांच्या हातात दिलं. खेमसिंगभाऊ म्हणाले, "पाहा मॅडम, इतके शोधाले आले, ही एकटी पास." त्या वर्षी त्यांचा कापूस निम्मासुद्धा पिकला नव्हता, आणि तो माणूस पोस्टाच्या पायऱ्यांवरून लग्नघरातून निघाल्यासारखा उतरला.

लालीबाई या सगळ्याकडे कशा पाहायच्या? मी एकदा तांड्यावर जेवायला गेले होते तेव्हा पाहिलं. संध्याकाळी खेमसिंगभाऊ ओट्यावर पेटी उघडून आल्यागेल्याला गोष्टी सांगत आणि लालीबाई दाराशी बसून काचेच्या टिकल्या लावत, कुणाच्या तरी लग्नाचं कापड असे. त्यांना वाचता येत नाही. गोष्ट संपली की त्या दोरा दातानं तोडायच्या आणि एकच विचारायच्या, "मंग घरी आला का तो?"

"कोन?"

"तोच. ज्याची सांगून राह्यले."

खेमसिंगभाऊ चिडायचे. मोठ्या माणसानं एवढा समुद्र ओलांडला, त्याचं काही नाही आणि हिला त्याच्या घरच्यांची पडली. आणि खरं सांगायचं तर अर्ध्या लोकांचं त्यांनाही ठाऊक नसे.

मग एका वर्षी यवतमाळला जिल्ह्याचं तिकीट प्रदर्शन ठरलं. भरवणारे देवीलालजी, कापसाचे जुने दलाल. धंदा सोडल्यावर तिकिटांतच बुडालेले. मी खेमसिंगभाऊंना न विचारता त्यांचं नाव दिलं आणि बाजाराच्या दिवशी सांगितलं. त्यांनी बाटलीतून दोन घोट पाणी घेतलं. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तांड्यात मले येडा म्हन्तेत. माया तोंडावर म्हन्तेत. तिथं मांडलं तं कोनी तरी पाहीन ना, बराबर?" म्हटलं, पाहतील. त्या माणसानं तीस वर्षांत स्वतःच्या हौसेनं एवढी एकच गोष्ट केली होती.

प्रदर्शनाला थोडे दिवस उरले असताना ते कापूस विकायला गेले. त्या वेळी खरेदी केंद्रापुढं गाड्यांची रांग लागायची ती हलायचीच नाही. माणसं कापसावरच जेवत आणि कापसावरच झोपत. तिकडं ते अडकले, आणि इकडं लालीबाईंना पेटीच्या बुडाशी माती दिसली. वाळवी. तिकिटं ठेवायची वही अर्धी खाल्लेली, तिकिटं मात्र बहुतेक शाबूत.

आता लालीबाईंनी काय करावं? तांड्यातल्या बाईला एखादी गोष्ट मोलाची वाटली की ती कापडावर जाते. चांदीचे रुपये, कवड्या, आरसे, आजीपासून नातीपर्यंत सगळं फेटया-कांचळीवर, म्हणजे घागऱ्या-चोळीवर, शिवलेलं, आणि कशाला वाळवी लागल्याचं कुणी ऐकलेलं नाही. लालीबाईंनी आपल्या आईचा ठेवणीतला लाल फेटया उसवला, त्याचं कापड ताठ करून घेतलं आणि एकूण एक तिकीट त्यावर शिवून टाकलं. चारी कोपऱ्यांना चार टाके. गामाला मधोमध एक जास्त, वाऱ्यानं फडफडू नये म्हणून. तो टाका थेट त्याच्या दाढीतून गेला होता.

हे मला कळलं ते खेमसिंगभाऊ कापडाची घडी घेऊन पोस्टात आले तेव्हा. बाजार नसताना आले आणि बसले नाहीत. मी घडी उघडली आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो, मेली ही सगळी!" तिकिटाला भोक पडलं की संपलं. त्याची किंमत रद्दीची. स्पर्धेत तर दारातूनच परत. मी खूप बोलले. कोणाला बोलत होते मलाच माहीत नाही, लालीबाईंना, वाळवीला, कापसाच्या रांगेला. राग आला की मला रडू येतं, तसं आलंही.

खेमसिंगभाऊंनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "पुरं पाहा तं खरं."

मी पाहिलं. मधे एक मोठा आरसा, तो तांडा. प्रत्येक तिकिटापासून पिवळा दोरा निघून वळणं घेत आरशापर्यंत आलेला. आणि आरशापासून पांढरा दोरा परत प्रत्येक तिकिटापर्यंत गेलेला.

"पिवळा येयाचा, पांढरा घरी जायाचा," खेमसिंगभाऊ म्हणाले. "समदे आपल्या तांड्यावर येऊन, जेवून, घरी पोचले म्हन्ते. कोलंबस बी आनला तिनं. म्हन्ते, एवढा इकडंच निघालता बिचारा, पोचू द्या. मॅगेलन बी घरी धाडला. मी म्हटलं, तो तं मेलता. तं म्हन्ते, मले कोनी सांगतलं नाही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, लय चांगलं केलं."

"भोकांचं सांगितलं नाही?"

"नाही. आन् तुमी बी सांगाचं नाही." इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी पहिल्यांदा ठसक्यात बोलला. "तिनं मायच्या कापडाले कैची लावली, मॅडम. तांड्यात सांगून राह्यली, पैला नंबर आमचाच. नवा पदर घेतला यवतमाळले जायाले. मी काय सांगू तिले?"

पुढचं सगळं त्या एका गोष्टीसाठी. लालीबाईंना कळू द्यायचं नाही. मी देवीलालजींना फोन लावला आणि कापड स्पर्धेबाहेर, नुसतं पाहण्यासाठी मांडायची परवानगी मागितली. बाईसमोर एक शब्द काढायचा नाही अशी अटही घातली. "सुई से?" त्यांनी विचारलं. "आरपार?" म्हटलं, आरपार. "ठीक है. मैं कुछ नहीं बोलूँगा. लेकिन साधनाबाई, उसे मेरी कुर्सी से दूर टांगना."

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही तिघं पहाटेच्या एसटीनं निघालो. लालीबाई पूर्ण सजून, हातभर बांगड्या, कांचळीवर आरसे. महागाव आलं नाही तोवर कंडक्टरला कळलं होतं की या बाईचं शिवणकाम यवतमाळला प्रदर्शनात लागणार आहे, आणि आर्णीपर्यंत सगळ्या गाडीला. खेमसिंगभाऊ खिडकीबाहेर पाहत बसले होते. मी त्यांच्यापेक्षा जास्त घाबरले होते, कारण माझ्या जिभेवर माझाच भरवसा नाही.

हॉलमध्ये काचेच्या चौकटींत तिकिटं ओळीनं मांडलेली. आमचं लाल कापड कोपऱ्यात, दाराजवळ. आणि गर्दी सगळी तिथंच. शाळेची मुलं तर हलेनात. लालीबाई दोऱ्यावरून बोट फिरवत एकेकाला घरी पोचवत होत्या. एका मुलीनं शंका काढली, "पण कोलंबस तर अमेरिकेत गेला होता." लालीबाई म्हणाल्या, "तिकडं रस्त्यात लागलं अशीन त्याले. थांबला नाही तो." देवीलालजी येऊन पाहून गेले. शब्द पाळला त्यांनी. छातीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि पाणी प्यायला निघून गेले.

सगळं बरं चाललं होतं. तेवढ्यात एक चष्मेवाले प्राध्यापक आले. ते वाकले, चष्मा वर केला आणि ओरडलेच, "अरेरे! ही भोकं कोणी पाडली? कोणी केलं हे?"

मी पुढं सरसावले, पण खेमसिंगभाऊ आधी बोलले. "मी केलं जी. मायाच हातानं झालं."

हा माणूस काउंटरवर एक रुपया जास्त आला तरी परत द्यायला येतो. खोटं बोलताना त्याचा फेटासुद्धा हलत होता. पण लालीबाई गर्रकन वळल्या.

"तुमी केलं?"

"हो," खेमसिंगभाऊ जमिनीकडे पाहत म्हणाले.

"बबिताचे बा, लाज वाटू द्या जराशी! एवढ्या लोकाइत खोटं! सुईत दोरा ओवता येते का तुमाले?" त्या प्राध्यापकांकडे वळल्या. "साहेब, हे समदं मी केलं. एकटीनं. या मानसानं टाका बी घातला नाही. आता नाव व्हाची बारी आली तं म्हन्ते मी केलं!" कांचळीच्या काठाला खोचलेली सुई त्यांनी काढली आणि नवऱ्यापुढे धरली. "घ्या. घाला टाका. पाहू द्या लोकाले."

मुलं खदाखदा हसली. मोठी माणसंही हसली. खेमसिंगभाऊ सुई धरून उभे, दोरा कुठून जातो तेही सापडेना. प्राध्यापकांना बहुधा काहीतरी उमगलं. त्यांनी लालीबाईंना हात जोडले, "बाई, फार सुंदर काम आहे तुमचं," म्हणाले आणि चष्मा पुसत पुढं गेले. मी सुटकेचा श्वास टाकला. म्हटलं, निभावलं.

निभावलं नव्हतं. विजयी झालेल्या लालीबाई आता इतरांची तिकिटं पाहायला निघाल्या. पलीकडच्या टेबलावर देवीलालजी कुणाचं तरी एक तिकीट पाहत होते. त्यांनी लहानसा चिमटा घेतला, तिकीट कडेला अलगद धरून उचललं, उजेडाकडे नेलं, आणि बोट कुठंही न लावता पारदर्शक कागदाच्या मागं परत सरकवलं. मग रुमालानं तो कागदही पुसला. लालीबाई पाहत राहिल्या. त्यांनी दुसरं तिकीट तसंच उचललेलं पाहिलं. तिसरं पाहिलं. भिंतीवरची एकेक चौकट पाहत त्या आख्खा हॉल फिरून आल्या आणि आपल्या कापडासमोर उभ्या राहिल्या. मुलं अजून विचारत होती, हा कोण, तो कोण. त्यांनी गामाच्या दाढीतल्या टाक्यावर बोट ठेवलं.

परतीच्या गाडीत मी मागच्या बाकावर होते. त्यांचं बोलणं ऐकू येऊ नये असं मला वाटत होतं आणि कान मात्र तिकडंच. आर्णी मागं पडल्यावर लालीबाई म्हणाल्या, "खराब झाले ना समदे?"

"कोन म्हन्ते?"

"मी म्हन्तो. डोये हायेत मले."

खेमसिंगभाऊंनी फेटा सारखा केला.

"तीस वर्सं जमा केले तुमी. मी चार दिसात भोकं पाडले. काहून सांगतलं नाही मले?"

"तू खुश होती," खेमसिंगभाऊ म्हणाले.

"एवढ्यासाठी?"

"मंग आनखी कायच्यासाठी?"

लालीबाईंनी तोंड खिडकीकडं वळवलं आणि पदरानं डोळे पुसले. मी पण पुसले, माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. मला त्या क्षणी वाटलं होतं की संपलं आता, हा माणूस पुन्हा काही माझ्या बाकावर येऊन बसत नाही. आणि मला त्याचं इतकं वाईट वाटेल असं मी कधी धरलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला ते आले नाहीतच. दुपार टळून गेली. मी खणाला कुलूप लावत होते तेव्हा काउंटरवर बांगड्या वाजल्या. लालीबाई एकट्याच होत्या. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, चेहरा कोर्टात साक्षीला आल्यासारखा.

"बाई, नकाशाचं नाही तं जहाजाचं, एक नवीन टिकीट हाय का?"

होतं. गेल्याच आठवड्यात यवतमाळहून मागवलेलं. मी काढून पुढं सरकवलं. लालीबाईंनी दोन्ही हात मागं घेतले, पाठीशी नेऊन एकमेकांत धरले.

"असं नको. ते चिमट्यानं धरतेत ना, तसं शिकवा मले. यांले सांगू नका. पैले मले जमू द्या."

चिमटा पोस्टात कुठला असणार? मी माझ्या पर्समधला भुवयांचा काढून दिला. लालीबाई खाली बाकावर बसल्या, मी काउंटर सोडून त्यांच्या शेजारी. रांगेत दोन माणसं उभी होती, त्यांना मी थांबा म्हटलं आणि माझा आवाज ऐकून ती थांबली. पहिल्यांदा तिकीट निसटलं. दुसऱ्यांदा वाकडं धरलं गेलं, त्यांनी ते लगेच खाली ठेवून दिलं. तिसऱ्यांदा कडेला बरोबर धरलं आणि वर उचललं. त्या तशाच, तोंड घट्ट मिटून, लाल झालेल्या, तिकीट हवेत धरून बसल्या. काही केल्या खाली ठेवीनात.

मी म्हटलं, "झालं, लालीबाई. जमलं तुम्हाला."

त्यांनी ओठ जेमतेम उघडले.

"श्वास घेतला तं चालते ना, बाई?"